भोवऱ्याचे क्षितिज

आमच्या जालन्याकडचा माणूस आभाळाकडे पाहतो तो पावसासाठी. विमान पाहण्यासाठी मान वर करण्याची सवय आम्हांला फारशी नाही. गाव बाजारपेठेचे, सरकीचे, बियाण्यांचे आणि अलीकडे लोखंडाच्या भट्ट्यांचे. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रुळांची जोडी, हीच आमची जगाशी गाठ घालणारी जुनी वाट. परंतु २०१५ साली पावसाने अशी ओढ दिली, की तेव्हाच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, चिकलठाण्याच्या विमानतळावर दोन इंजिनांचे एक लहानसे विमान कृत्रिम पावसासाठी येऊन राहिले. २०१९ साली तोच प्रयोग पुन्हा झाला. जोगा ढग दिसला की विमानाने उठावयाचे, ढगाला गाठावयाचे आणि पंखांना लावलेली क्षारांची नळकांडी पेटवून द्यावयाची, असा एकंदर बेत. त्याने पाऊस किती पडला, यावर चावडीपासून वर्तमानपत्रांपर्यंत जे बोलणे व्हावयाचे ते झाले. त्यात मी भर घालीत नाही. मला त्या दिवसांत निराळाच प्रश्न पडला होता. ढगाच्या पांढऱ्या काळोखात शिरलेल्या त्या वैमानिकाला वर कोणते आणि खाली कोणते, हे कळते कसे?

प्रश्न पोरकट वाटेल. डोळे मिटून खुर्चीत बसलो तरी खाली कोणते हे आपल्याला कळतेच की! परंतु मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकविले, आणि त्या विषयाची खोड अशी, की सर्वांत पोरकट प्रश्नाशीच तो मास्तरांना अडवून धरतो. विमान डाव्या अंगावर कलून सफाईने वळत असेल, तर आतल्या माणसाचे वजन त्याला थेट बैठकीतच दाबते. त्याच्या पेल्यातले पाणी कलंडत नाही. गवंड्याचा ओळंबा विमानात टांगला, तर तोही विमानाच्या तळाकडेच तोंड करून राहतो. जमीन भले तिरकी का असेना. म्हणजे ज्या ओळंब्यावर आपण देवळे आणि वाडे बांधले, तोही तेथे फितूर होतो.

कानाची गोष्ट आणखी वाईट. आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन वाकड्या नळ्या असतात व त्यांत द्रव असतो. डोके फिरले की तो द्रव मागे रेंगाळतो, त्यावरून फिरणे कळते. पण वीसेक सेकंद एकसारखे फिरत राहिले की द्रवही सोबत फिरू लागतो, आणि कान सांगतो, ‘आपण स्थिर आहोत.’ नागपंचमीला फुगडी खेळलेल्या कोणाही मुलीला हे ठाऊक आहे. फुगडी थांबते, पण जमीन फिरतच राहते. घरच्या अंगणात यावर हसून झाडाला धरता येते. ढगात धरावयाला झाड नसते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली याची परीक्षा घेण्यात आली. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेले वीस शिकाऊ वैमानिक घेतले, आणि बाहेरचे काही दिसू नये अशी व्यवस्था करून त्यांना विमान सांभाळावयास सांगितले. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ लागला १७८ सेकंद. तीन मिनिटेसुद्धा नाहीत.

तेव्हा वैमानिकासमोरचा तबकड्यांचा फलक ही शोभेची वस्तू नव्हे. जेथे डोळा, कान आणि ओळंबा तिन्ही साक्षीदार फुटतात, तेथे उभे केलेले ते पर्यायी साक्षीदार होत. जुन्या लहान विमानांत हा फलक नवा करण्याची लाट गेली काही वर्षे जगभर आली आहे. काट्यांच्या तबकड्या काढून काचेचे पडदे बसविले जात आहेत. त्या निमित्ताने हे साक्षीदार कोठून आले, आणि नवा फलक बसविताना काय जपले पाहिजे, हे पाहावे असे मला वाटले.

आपल्याकडची सुरुवात जुहूची. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाची पिशवी घेऊन ‘पस मॉथ’ नावाच्या एका इंजिनाच्या विमानातून ते अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादेस विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून डब्यांनी आणले होते, ही हकीकत पुष्कळांनी ऐकलेली असेल. विमानात रेडिओ नव्हता. समोर मोजक्या तबकड्या: वेग, उंची, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब, आणि एक होकायंत्र. खरा फलक खिडकीबाहेर होता. डाव्या-उजव्या हाताला किनारा, नदी, रूळ. रुळांची रेघ धरून उडणे ही त्या पिढीची सर्वमान्य रीत होती. आमच्याकडे कोणी त्या रीतीने आला असता, तर मनमाडला रूळ धरून औरंगाबाद, जालना, परभणी असा स्टेशने मोजीत गेला असता. त्या टपालसेवेने पहिले वर्ष पुरे केले तेव्हा सरकारी हवाई खात्याने तिची मुक्तकंठाने वाखाणणी केली. पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग बसलेले असतानाही मद्रास-मुंबईची डाक कराचीला चुकली नव्हती. हे त्या माणसांचे कर्तृत्व. परंतु ते ढगाच्या खालून, घाटांच्या कुशीतून, डोळ्यांवर विसंबून केलेले उड्डाण होते. ढगाच्या आतले नव्हे.

ढगाच्या आतला रस्ता त्याच सुमारास अमेरिकेत सापडला होता. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल नावाच्या लष्करी वैमानिकाने आपल्या बैठकीवर कापडाचे झाकण ओढून घेतले आणि बाहेरचे काही न पाहता विमान उडविले, फिरविले आणि पुन्हा त्याच मैदानावर उतरविले. पुढच्या बैठकीत एक सोबती वैमानिक प्रसंग पडल्यास हात घालावयास बसला होता. त्याने हात घातला नाही. सारा प्रकार पंधराएक मिनिटांचा. त्या विमानात तीन नव्या चिजा होत्या. कोल्समन यांचे फार बारीक फरक दाखविणारे उंचीमापक. आणि स्पेरी पितापुत्रांच्या कारखान्यातली दोन यंत्रे, दिशा धरून ठेवणारे एक आणि कृत्रिम क्षितिज दाखविणारे दुसरे. या शेवटच्या दोहोंच्या पोटात काय होते? भोवरा!

भोवरा आपल्याला नवा नाही. जाळी गुंडाळून फेकावा, तळहातावर घ्यावा. हात तिरपा केला तरी फिरता भोवरा आपला ताठपणा सोडीत नाही. फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ साली याच गुणाच्या जोरावर पृथ्वीचे फिरणे दाखवून दिले. विमानातील भोवरा चौकटींत असा टांगतात, की विमान कसेही वळले तरी भोवऱ्याने वळू नये. त्याला एक आडवी पट्टी जोडली की झाले क्षितिज. पट्टी तिरकी दिसली की समजावे, तिरके आपण झालो आहोत. वर्गात मी हे शिकवी तेव्हा मुलांना प्रथम उलटे वाटे. ‘पट्टी हलते, विमान नाही’ असे ती म्हणत. गाडीतून झाडे पळताना दिसतात, त्यातलाच हा प्रकार.

भोवरा फिरत ठेवावयाचा तर त्याला कोणी तरी फुंकर घालीत राहिले पाहिजे. प्रथम विमानाच्या कुशीला बाहेरून शिंगासारखी एक नळी लावीत. वाऱ्याच्या झोताने तिच्यात ओढ निर्माण होई आणि त्या ओढीने आत आलेली हवा भोवऱ्याच्या कडेवरील खाचांवर आदळे. मग इंजिनावर चालणारा शोषक पंप आला. ही हवा बैठकीतलीच असल्यामुळे वैमानिकांच्या सिगारेटींचा धूरही गाळणीत साचे, आणि भोवऱ्याला दम लागे. सिगारेट सोडण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत हे एक नव्हते, एवढेच.

पुढे ब्रिटिश हवाई दलाने सहा तबकड्यांचा एक ठरावीक संच मांडला: वेग, क्षितिज, चढ-उतार, खाली उंची, दिशा, वळण. दुसऱ्या महायुद्धातील बहुतेक ब्रिटिश विमानांत तोच दिसतो. लहान विमानांच्या फलकांवर थोड्याफार अदलाबदलीने तीच मांडणी पुढची पन्नास वर्षे नांदली. घर बदलले तरी देव्हारा त्याच कोपऱ्यात, तसे.

या काळात आपल्या देशातही शिकाऊ विमाने होऊ लागली, आणि त्यामागचे डोके मराठी होते, ही गोष्ट दिवाळीच्या दिवशी सांगावयास हरकत नाही. डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीतील गटिंगेन येथे ते लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. प्रांटल म्हणजे वायुगतिशास्त्राचे द्रोणाचार्यच. परत येऊन बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांनी ‘एचटी-२’ हे शिकाऊ विमान रचले. ते १९५१ च्या ऑगस्टात उडाले. १९५८ च्या सप्टेंबरात ‘पुष्पक’ उडाले. वर पंख, शेजारी-शेजारी दोन बैठका, कापडाचे मढविलेले अंग. दीडशेच्या आसपास पुष्पके झाली आणि देशभरच्या उड्डाण मंडळांत गेली. नाव रावणाच्या विमानाचे. पण थाट शाळेच्या सायकलीचा. निरभ्र दिवशी उडावे आणि ढग दिसताच घरी परतावे, अशा शिक्षणासाठी ते होते. एका अख्ख्या पिढीने त्यावर हात बसविला. नंतर त्या मंडळांतून सेसना आली, आणि आजही पुष्कळ ठिकाणी ती आहे.

अशाच एका जुन्या सेसनाचा फलक उघडलेला मी पाहिला. माझा एक विद्यार्थी, अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज एस.टी.ने शाळेत येणारा, आज विमानांची देखभाल करणारा परवानाधारक अभियंता आहे. विदर्भातल्या एका विमानतळावर तो काम करतो. ‘सर, फलक उघडलाय, येऊन बघा,’ असा त्याचा निरोप आला आणि मी रात्रीची गाडी धरली. विमान चाळिशी ओलांडलेले. समोरचा फलक काढून बाजूला ठेवला होता आणि मागे जे होते, ते पाहून मला आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्याची आठवण झाली. मेणाच्या दोऱ्यांनी आवळलेल्या तारांच्या जुड्या. त्यांतून वाट काढीत गेलेल्या, वाळून पिवळ्या पडलेल्या रबरी नळ्या. कोणे काळी काढलेल्या रेडिओच्या तशाच सोडून दिलेल्या तारा. चाळीस वर्षांत ज्याने ज्याने हात घातला, त्याने त्याने आपली एक गाठ तेथे ठेवली होती.

“सर, हे तीन घरचे पाहुणे आहेत बघा,” तो म्हणाला. मी म्हटले, “म्हणजे?”

त्याने दाखविलेले असे. वेग, उंची आणि चढ-उतार या तीन तबकड्यांना वीज लागत नाही, पंप लागत नाही. पंखाखालच्या नळीत समोरून वारा घुसतो. त्याचा दाब आणि बाजूच्या भोकातला शांत हवेचा दाब, यांतल्या फरकावरून वेग निघतो. आंरी पितो याने १७३२ साली पॅरिसला सेन नदीचा वेग मोजण्यासाठी ही वाकडी नळी काढली. तिला पाण्यातून काढून हवेत धरले, इतकेच. उंचीमापक म्हणजे तर नुसता वायुभारमापक: वर जावे तसा हवेचा दाब उतरतो, डबी फुगते, काटा सरकतो. हे पहिले घर. दुसरे घर पंपाचे: क्षितिज आणि दिशा दाखविणारे दोन भोवरे त्यावर जगतात. तिसरे घर विजेचे: वळण दाखविणाऱ्या तबकडीतला भोवरा विजेच्या मोटारीवर फिरतो. म्हणजे वीज गेली तर क्षितिज जिवंत. पंप गेला तर वळण जिवंत. दोन्ही गेले तरी वेग, उंची आहेतच. माझ्यासारख्याला तो फलक म्हणजे सहा सारखी घड्याळे वाटली होती. प्रत्यक्षात जुन्या लोकांनी ती शहाणपणाने तीन घरांत वाटून दिली होती. एका घरी सुतक आले तरी दुसऱ्या घरी चूल पेटावी, अशी.

अर्थात संकट कोणत्याही घरी येते. पितोच्या नळीवर विमान उभे असताना लाल फीत लावलेली टोपी घालतात, ती कशासाठी? तर कुंभारमाशीसाठी! आपल्या घरातल्या खिडकीच्या खाचेत चिखलाचे घर बांधणारी ही बाई त्या नळीतही संसार थाटते, आणि मग वेगाचा काटा भलतेच बोलू लागतो.

परंतु पंपाचे दुखणे सर्वांत कपटी. विद्यार्थ्याने काढून ठेवलेला पंप माझ्या हाती दिला. नारळाएवढाही नव्हता. आत कार्बनच्या पात्यांचा फिरता गाडा. पात्या झिजतात आणि एक दिवस पूर्वसूचना न देता फुटतात.

“सर, घरातली वीज गेली की पंखा कसा थांबतो?”

“हळूहळू.”

“तसाच हा भोवरा थांबतो. बंद पडला असता तर बरं होतं, काटा पडला म्हणजे माणसाला कळतं. हा पडत नाही; कलत जातो. आणि वैमानिक त्याच्यामागे विमान कलवीत जातो.”

मी पदार्थविज्ञान शिकविले खरे, पण मरणारा भोवरा मरता मरता खोटी साक्ष देतो, हा धडा मला माझ्या विद्यार्थ्याकडून मिळाला. पंपाची ओढ दाखविणारी एक चिमुकली तबकडी फलकावर असते. पण ती कोपऱ्यात, जेथे नजर सहसा जात नाही तेथे. १६ ऑक्टोबर २००० रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्याचे राज्यपाल मेल कार्नाहन ज्या दोन इंजिनी सेसनामधून चालले होते, तिच्यात वैमानिकासमोरचे क्षितिज बिघडले. रात्र आणि पाऊस. उजवीकडच्या बैठकीसमोर दुसरे क्षितिज होते. त्याकडे मान वळवून पाहत विमान सांभाळण्याची धडपड निष्फळ ठरली. वैमानिक राज्यपालांचा मुलगाच होता. विमानातले तिघेही गेले.

आणि हे केवळ लहान विमानांचे दुःख नव्हे. ज्यांना १९७८ सालचा पहिला दिवस आठवतो, त्यांना वांद्र्याचा समुद्रही आठवत असेल. १ जानेवारीच्या त्या रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान किनारा ओलांडून काळोख्या समुद्रावर आले. खाली दिवा नाही, समोर क्षितिज नाही. विमानाने थोडे उजवे वळण घेतले आणि ते सरळ झाले. पण मुख्य वैमानिकासमोरचे क्षितिज मात्र ते अजून उजवीकडेच कललेले दाखवीत राहिले. ते सुधारण्यासाठी विमान डावीकडे, आणखी डावीकडे कलविले गेले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत २१३ माणसे समुद्रात गेली. फलकावर दुसरे क्षितिज होते, तिसरेही होते. म्हणजे साक्षीदार पुरेसे होते; फितूर कोणता, हे ओळखण्याइतका वेळ नव्हता. मुंबईत त्या आठवड्यात घरोघर जे बोलले गेले त्यात घातपाताचे तर्कच अधिक होते. तळहाताएवढ्या एका तबकडीने एवढे मोठे विमान खाली ओढावे, हे पटणे कठीणच.

या दोन घटना मनात ठेवून नव्या फलकाकडे पाहिले पाहिजे. नाही तर तो नुसता झगमगाट वाटतो. नव्या यंत्रात फिरणारा भोवराच नाही. नखाएवढ्या चकतीवर सिलिकॉनची अतिसूक्ष्म जिभ सतत थरथरत असते. विमान वळले की त्या थरथरीत फरक पडतो आणि गणकयंत्र त्यावरून कल काढते. दूर कशाला, आपल्या खिशातला मोबाइल आडवा केला की चित्र आडवे होते, ते याच जातीच्या चकतीमुळे. झिजावयाला पाते नाही, सुटावयाला नळी नाही. २००४ च्या सुमारास नव्या सेसनांमध्ये कारखान्यातूनच काचेचे पडदे येऊ लागले. परंतु जुन्या विमानांचे मालक हात चोळीत बसले होते. कारण प्रमाणपत्र असलेल्या विमानात वाटेल ते यंत्र बसविता येत नाही, आणि मंजूर यंत्राची किंमत कधी कधी विमानाच्या किमतीला भिडते. गंमत अशी, की घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींना ही स्वस्त आणि चांगली यंत्रे वापरण्याची मुभा होती. कारखान्यात बांधलेल्या विमानाला मात्र झिजका पंपच सक्तीचा. २०१६ साली अमेरिकेच्या विमान खात्याने हौशी वैमानिकांच्या संघटनेच्या खटपटीवरून ही अट सैल केली, आणि तबकडीच्याच भोकात बसणारी इलेक्ट्रॉनिक क्षितिजे जुन्या विमानांत जाऊ लागली. आपल्याकडे प्रत्येक फेरफाराला नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते. माझ्या विद्यार्थ्याच्या टेबलावरची कागदांची चळत विमानातून काढलेल्या सामानाहून जड होती, असे मी म्हणालो. तो हसला नाही.

जुन्या सेसनातले क्षितिज तीन इंचांहून थोडे मोठे, वाटीएवढे. नव्या पडद्यावर ते रुंदीभर पसरते. वर निळे, खाली तपकिरी. जीव वाचविणारी सुधारणा कोणती असेल तर ही. पण वेग आणि उंची आता काट्याने नव्हे, सरकत्या पट्टीवरील आकड्यांनी दाखवितात, आणि तेथे माझे मन जुन्या शिक्षकांच्या बाजूला झुकते. भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे आपण वाचीत नाही. काट्यांचा आकार पाहूनच शाळेला उशीर झाला हे कळते. आकडा मात्र वाचावा लागतो, आणि वाचण्यासाठी क्षणभर थांबावे लागते. माझे हे मत विद्यार्थ्याला मान्य नाही. तो म्हणतो, “सर, आताची मुलं आकडेच वाचतात. घड्याळ त्यांना कुठं येतं!” गोंदियाच्या शाळेत काचेच्या पडद्यावरच शिकलेली पिढी विमानसेवेत गेली आहे, तिला हा वाद कळणारही नाही.

तरीही पडदा बसविला की भय सरले, असे समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळाने २००२ ते २००६ या काळात बांधलेल्या आठ हजारांवर लहान विमानांची तुलना करून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पडद्याच्या विमानांना एकूण अपघात कमी झाले होते. पण प्राणघातक अपघातांचे प्रमाण मात्र त्यांच्यातच अधिक निघाले. ही विमाने लांबच्या प्रवासाला आणि वाईट हवेत अधिक नेली जात, हे एक कारण. दुसरे असे, की प्रत्येक पडद्याची चालरीत निराळी. तो बिघडल्यावर काय दिसते आणि काय करावे, हे शिकविल्याखेरीज येत नाही. चांगला पडदा माणसाला ढगात जाण्याचे धैर्य देतो. तो अंधारला म्हणजे काय, याचे उत्तर त्याच्या किमतीत धरलेले नसते.

तेव्हा मी विद्यार्थ्याला आल्या आल्या जो प्रश्न विचारला, तो घरांचा. “पंप काढून टाकलास. दोन्ही भोवरे गेले. आता सगळे पाहुणे विजेच्या घरी जेवणार. वीज गेली तर?” तो या प्रश्नाची वाटच पाहत होता. नव्या फलकात क्षितिजाची दोन स्वतंत्र यंत्रे होती. दुसऱ्याच्या पाठीला त्याची स्वतःची बॅटरी बांधलेली, विमानाची वीज गेली तरी ते काही काळ चालावे अशी. वेग आणि उंचीच्या जुन्या काट्याच्या दोन तबकड्या त्याने डाव्या कडेला तशाच राहू दिल्या होत्या. “मालक म्हणत होते, जुनाट दिसतं, काढा,” तो म्हणाला, “मी नाही काढलं.” त्याला मी काय शिकविले असेन ते असो, एवढ्या एका वाक्याने माझे येण्याचे भाडे वसूल झाले.

जुन्याची ओढ ही निराळी गोष्ट आहे आणि तिलाही माझ्या लेखी मान आहे. जे. आर. डीं.नी कराची-मुंबई उड्डाण १९६२ साली आणि पुन्हा १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, जुन्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून करून दाखविले. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या आरोही पंडित या तरुण वैमानिकेने त्याच स्मृतीसाठी भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत एका हलक्या विमानातून एकटीने उड्डाण केले, आणि जाणूनबुजून उपग्रहावरून वाट दाखविणारे यंत्र व आपोआप उडविणारे यंत्र वापरले नाही. ही तीच मुलगी, जिने २०१९ साली हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला होता. ऐन विशीतल्या या मुलीने हाताशी असलेला नवा फलक बाजूला ठेवून नकाशा, घड्याळ आणि खिडकी यांवर विसंबावे, याला मी हौस म्हणणार नाही. फलक अंधारला तर काय, या प्रश्नाचे ते एक उत्तरच आहे. मात्र दिवस निरभ्र निवडावा लागतो. ढगात शिरताना कोणी मला जुन्या काळाचा मोठेपणा सांगू लागला, तर मी १७८ सेकंदांचा आकडा सांगेन.

फलक बसून झाल्यावर एक काम राहते, ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले. फलकाच्या वर, काचेला टेकून, रॉकेलसारख्या द्रवात तरंगणारे ते जुने होकायंत्र तसेच राहते. त्याला वीज नाही, पंप नाही. पण नव्या यंत्रांच्या तारा आणि चुंबके जवळ आली की ते बिथरते. म्हणून विमान हँगरच्या लोखंडापासून दूर, जमिनीवर रंगविलेल्या एका मोठ्या वर्तुळावर नेले. इंजिन चालू, पडदे चालू. एक शिक्षक विमान वर्तुळातील एकेका रेघेवर आणून उभे करी. माझा विद्यार्थी शेजारी बसून होकायंत्र वाची, पितळी पेचकसाने त्यातले चिमुकले चुंबक किंचित फिरवी, पुन्हा वाची. बारा रेघा, तीस-तीस अंशांच्या. दीडएक तास लागला. मग तो खाली उतरला, विमानाच्या पंखाखाली सावलीत बसला आणि काड्यापेटीएवढ्या पुठ्ठ्यावर शाईने आकडे उतरवू लागला: ३० साठी २९, ६० साठी ६०, ९० साठी ९२. अक्षर शाळेत होते तसेच, डावीकडे कललेले. शाई वाळेपर्यंत त्याने पुठ्ठा हाताने वाऱ्यावर धरला आणि होकायंत्राखालच्या पत्र्याच्या चौकटीत सरकविला.